हौसेला मोल नसतं, माप असतं

आजच्या विषयाचा फलक वाचून एका श्रोत्यांनी विचारलं, 'सर, तत्त्वज्ञान सोडून रेडिओ कुठून काढलात?' उत्तर सोपं आहे. चांगलं म्हणजे काय, हा आमच्या शास्त्राचा जुना प्रश्न. चांगला माणूस, चांगलं राज्य, चांगलं काव्य यांवर आम्ही लोक अडीच हजार वर्षं बोलत आलो. चांगलं यंत्र म्हणजे काय, यावर मात्र फार कमी बोललो. मराठीत कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते, गाण्याच्या बैठकीची होते. यंत्राचं काय होतं? एक तर जाहिरात होते, नाही तर कौतुक. आमच्या मते दोन्हींनी यंत्राचं नुकसान होतं आणि यंत्र बनवणाऱ्या पोरांचं त्याहून जास्त.

म्हणून आज दोन यंत्रांची समीक्षा करायची आहे. एक हैदराबादचा रेडिओ संच आणि दुसरा पुण्याचा एक उपग्रह. दोन्ही छोट्या गटांनी बनवले आणि दोन्ही हौशी रेडिओसाठी. त्यांच्यातलं काय साधलं, काय चुकलं, आणि आपल्या देवळाली प्रवरा, राहुरी, श्रीरामपूरच्या पोरांनी त्यातून काय घ्यावं, एवढं बघू.

आधी हौशी रेडिओ म्हणजे काय ते सांगतो, कारण सभागृहातल्या सगळ्यांनाच ते ठाऊक असेल असं नाही. इंग्रजीत ज्यांना 'हॅम' म्हणतात ती ही मंडळी. सरकारची परीक्षा द्यायची, दूरसंचार खात्याचा परवाना घ्यायचा, मग आपल्याला एक संकेतनाव मिळतं. भारतात ते 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतं. त्यानंतर ठरवून दिलेल्या लहरींवर जगातल्या दुसऱ्या परवानाधारकाशी बोलता येतं, आवाजात किंवा मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये. आंतरराष्ट्रीय नियमांत या सेवेची जी व्याख्या आहे तिच्यात तीन कामं सांगितली आहेत: स्वतः शिकणं, एकमेकांशी संवाद करणं आणि तांत्रिक शोध घेणं. अट एकच, यात पैशाचा स्वार्थ नको. आम्हाला ही व्याख्या फार आवडते. कायद्याच्या पुस्तकात 'स्वतः शिकणं' हा हेतू म्हणून लिहिलेला सहसा सापडत नाही.

या सेवेची आणखी एक गंमत आहे. मोबाइल आपण विकत घेतो, उघडून त्यात हात घालत नाही. हौशी रेडिओवाल्याला मात्र आपला प्रक्षेपक आपल्या हातांनी बनवायची मुभा असते. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे भंगारात निघालेले संच घेऊन लोकांनी आपापली केंद्रं उभी केली. आणि हे काही नुसतं खेळणं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा संपर्काच्या कामाला हॅम मंडळीही आपले संच घेऊन उतरली होती. अशा वेळी समोरच्याला आपला आवाज स्पष्ट कळतो की नाही, हा प्रश्न जिवाचा असतो.

आता 'हौशी' हा शब्द बघा. आपल्याकडे 'हौशी नाटक मंडळी' म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात दहा गुण आधीच कापतो. त्याच वेळी आपण म्हणतो, 'हौसेला मोल नाही.' म्हणजे एकीकडे हौस कच्ची आणि दुसरीकडे हौस अमोल. हा गोंधळ नीट सोडवला पाहिजे. मोल नाही हे मान्य. पण मोल नाही म्हणून मापही नाही, असं आपण गृहीत धरतो. आमचं म्हणणं आहे की लहान, तळमळीच्या गटांची उत्तम यंत्रं तळमळीतून जन्मतात हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की त्यांनी आपलं काम दुसऱ्याच्या मापाखाली ठेवलं. ज्यांनी ठेवलं नाही, त्यांची तळमळ तेवढी आठवणीत राहिली, यंत्र राहिलं नाही.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात एक छोटं विवेचन आहे. लोक तिथे कवींवरच्या टीकेसाठी जातात आणि हे वाचायचं राहतं. प्लेटो म्हणतो, प्रत्येक वस्तूच्या बाबतीत तीन माणसं असतात. वापरणारा, बनवणारा आणि तिची नक्कल करणारा. बासरी चांगली की वाईट हे वाजवणाऱ्याला कळतं. बनवणारा त्याचं ऐकून बनवतो, म्हणून त्याच्याकडे ज्ञान नसलं तरी योग्य भरवसा असतो. नक्कल करणाऱ्याकडे यांपैकी काहीच नसतं.

हौशी रेडिओत काय होतं? पहिली दोन माणसं एकाच देहात राहायला येतात. बनवणाराच वापरणारा. संध्याकाळी सोल्डरिंग केलं आणि रात्री त्याच संचावर बोलायला बसला. मधे विक्री विभाग नाही, 'ग्राहकाला काय हवं' असल्या बैठका नाहीत. बटण कुठे हवं, मोठ्या आवाजाच्या केंद्राशेजारचं बारीक केंद्र ऐकू यायला काय करावं, हे त्याला सांगावं लागत नाही, कारण कान त्याचाच दुखतो. छोट्या गटांच्या यशाचं हे पहिलं कारण.

आता पहिलं यंत्र. हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००३-०४ च्या सुमारास 'बिटएक्स' नावाच्या संचाचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. त्यांचं संकेतनाव व्हीयू२ईएसई. संच १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आवाजात बोलण्यासाठी होता. १० मेगाहर्ट्झचे क्रिस्टल, ४ मेगाहर्ट्झच्या आसपास फिरणारा ऑसिलेटर, दोहोंची बेरीज १४. हिशेब शाळेतल्या मुलाला समजावा इतका सरळ.

या आराखड्याची खरी करामत त्याच्या नावातच आहे. 'बिट' म्हणजे दोन्ही दिशांनी चालणारा. रेडिओ संचात ऐकण्याचा रस्ता वेगळा आणि बोलण्याचा वेगळा, असे दोन रस्ते लागतात, म्हणजे सामानही दुप्पट. फरहान यांनी मधला रस्ता एकच ठेवला. प्रत्येक टप्प्यावर एकमेकांकडे पाठ केलेले दोन ट्रान्झिस्टर. ऐकताना एकाला वीज, बोलताना दुसऱ्याला. ऊसतोडीच्या दिवसांत आपल्या अरुंद शिवाररस्त्यावर बैलगाड्या सकाळी रिकाम्या आत जातात आणि दुपारी भरून बाहेर येतात, तसंच. रस्ता एक, वेळेनुसार दिशा वेगळी. क्रिस्टलचा फिल्टर हा संचाचा महागडा भाग, तो दोन्ही कामांना एकच पुरतो.

आणि सामान? काही कॉइल त्यांनी चक्क नळाच्या वायसरवर गुंडाळायला सांगितल्या. बाहेरच्या देशांतले आराखडे ज्या खास चुंबकीय कड्या मागायचे, त्या आपल्या गावच्या रेडिओ दुकानात मिळत नसत. वायसर मात्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

इथे बरेच लोक खूश होऊन म्हणतात, 'बघा, भारतीय जुगाड!' समीक्षकानं इथेच थांबून हरकत घ्यायला हवी. हा जुगाड नाही. जुगाडात आपण वस्तू बसवतो आणि चाललं की बघणं बंद करतो. इथे वायसरचा आकार ठरवला, वेढे मोजले, त्या वेढ्यांतून किती इंडक्टन्स मिळतो हे काढलं आणि मग आराखड्यात लिहिलं. प्लास्टिकला चुंबकीय गुण नाही, म्हणजे ती हवेतलीच कॉइल झाली. वेढे जास्त लागतात, पण चुंबकीय गाभ्याचे स्वभावदोष तिच्यात येत नाहीत. हा विचार करून घेतलेला पर्याय आहे. जुगाड आणि आराखडा यांतला फरक सामानाच्या किमतीत शोधू नका. दुसऱ्या गावच्या माणसानं तेच केलं तर त्याचाही संच चालेल का, हे विचारा. बिटएक्स जगभर लोकांनी आपापल्या टेबलावर बनवला आणि तो चालला. याहून मोठं प्रशस्तिपत्र आम्हाला माहीत नाही.

पुढे फरहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार बोर्ड द्यायला सुरुवात केली. कॉइल गुंडाळण्याचं काम हैदराबादच्या बायकांच्या एका गटाकडे दिलं. २०१७ च्या अखेरीस 'मायक्रोबिटएक्स' आला: ३ ते ३० मेगाहर्ट्झपर्यंतचे हौशी पट्टे, सुमारे दहा वॅट, आणि किंमत मोठ्या कंपन्यांच्या संचांच्या मानानं अगदीच किरकोळ. लोकांच्या उड्या पडल्या.

आणि मग दोष सापडला. त्याविषयी बोललं नाही तर आजचं व्याख्यान कौतुकातच संपेल.

प्रक्षेपक ७ मेगाहर्ट्झवर बोलत असला की थोडी ऊर्जा दुपटीवर, तिपटीवर, म्हणजे १४ आणि २१ वरही सांडते. ती अडवायला शेवटी फिल्टर असतात. कुठल्या पट्ट्यावर कुठला फिल्टर, हे रिले ठरवतात. मायक्रोबिटएक्सच्या सुरुवातीच्या बोर्डांत या रिलेंमधून थोडी ऊर्जा फिल्टरला वळसा घालून बाहेर जात होती. शिवाय वरच्या पट्ट्यांवर काही नको असलेल्या लहरीही दिसत होत्या. अमेरिकेचा नियम असा की ३० मेगाहर्ट्झखाली ही सांडलवंड मुख्य शक्तीच्या किमान ४३ डेसिबल खाली हवी. साध्या भाषेत वीस हजारांत एक भाग. दहा वॅट बाहेर पडत असतील तर अर्धा मिलिवॅट. काही पट्ट्यांवर हा संच त्या रेषेच्या वर जात होता. ज्यांच्याकडे स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर होते अशा संच घेणाऱ्यांनीच हे मोजलं आणि आलेख सर्वांसमोर ठेवले. बनवणाऱ्यांनी ते मान्य केलं, उपाय खुल्या चर्चेत शोधले गेले आणि पुढच्या आवृत्तीत बोर्डाची मांडणी बदलली.

आता प्रश्न असा. इतक्या हुशार, इतक्या तळमळीच्या माणसांच्या नजरेतून हे सुटलं कसं? प्लेटोकडे परत जाऊ. त्यानं वापरणाऱ्याला न्यायाधीश केलं होतं. पण हा दोष वापरणाऱ्याला ऐकूच येत नाही! आपण ७ वर बोलतो, समोरचा ७ वर ऐकतो, दोघंही म्हणतात, 'झकास.' त्रास होतो तो १४ वर बसलेल्या तिसऱ्याच माणसाला. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही आणि त्यालाही कळत नाही की ही खरखर कुणाच्या घरातून येते.

पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या गावात हे समजावून सांगायला नको. आवर्तन सुटलं की मुखाजवळच्या शेतकऱ्याचं रान भिजतं. त्याला विचारा, 'पाटाची व्यवस्था कशी आहे?' तो म्हणेल, 'उत्तम.' तो खोटं बोलत नाही. पण व्यवस्थेची परीक्षा त्याच्या रानात होत नाही. ती टेलच्या शेतकऱ्याकडे होते. टेलला पाणी पोचलं का, हा पाटाचा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मुखाला उभं राहून मिळत नाही.

म्हणून प्लेटोच्या तीन माणसांत आम्हाला चौथा घालावासा वाटतो. वापरणारा, बनवणारा, नक्कल करणारा आणि ज्याच्यावर परिणाम होतो तो शेजारी. छोट्या गटात बनवणारा आणि वापरणारा एक होतात ही ताकद खरी, पण धोकाही तिथेच आहे. आपला तो बाब्या होतो. आपणच बनवलेलं, आपणच वापरलेलं, आपल्याच मित्रांनी वाखाणलेलं. तिथे माप बाहेरून यावं लागतं.

जगात जे छोटे गट टिकले त्यांनी हे बाहेरचं माप आपल्या कामात कसं बसवलं, हे पाहण्यासारखं आहे. तीन उदाहरणं थोडक्यात सांगतो.

पहिलं १२ डिसेंबर १९६१ चं. कॅलिफोर्नियातल्या काही हॅमनी ऑस्कर-१ नावाचा उपग्रह बनवला. वजन साडेचार किलोच्या आसपास. एका लष्करी रॉकेटवर वजन साधायला जो भार ठेवायचा, त्याच्या जागी तो बसवला. तो करत काय होता? मोर्समध्ये 'एचआय' एवढी दोन अक्षरं पाठवत होता, बस्स. पण ती अक्षरं किती वेगानं येतात हे उपग्रहाच्या आतल्या तापमानावर अवलंबून ठेवलं होतं. म्हणजे नमस्कारातच ताप मोजायची सोय! ज्याच्याकडे घड्याळ आहे त्यानं वेग मोजायचा आणि कळवायचं. २८ देशांतल्या ५७० हून अधिक लोकांनी कळवलं. ऐकणाऱ्यालाच त्यांनी मोजणारा केलं.

दुसरं एलेक्राफ्ट. वेन बर्डिक आणि एरिक स्वार्ट्झ या दोन हॅमनी १९९८ मध्ये सुरू केलेली कंपनी. बर्डिक यांनी त्याआधी उत्तर कॅलिफोर्नियाच्या हौशी क्लबसाठी 'नॉरकॅल ४०' हा छोटा संच आखला होता. तो इतका स्वच्छ होता की कॅलटेकचे प्राध्यापक डेव्हिड रटलेज यांनी रेडिओ इलेक्ट्रॉनिक्सचं एक अख्खं पाठ्यपुस्तक त्याच्याभोवती रचलं. एलेक्राफ्टनं आपला 'के२' संच बाजारात आणण्याआधी हौशी लोकांच्या एका गटाला सुटे भाग दिले, 'बनवा, आणि कुठे अडता ते सांगा' म्हणून. शिवाय या क्षेत्रात बाहेरची तराजूही आहेत. रॉब शेरवूड नावाचे अभियंते वर्षानुवर्षं निरनिराळे संच मोजून एक तक्ता मांडत आले आहेत. शेजारीच, दोन किलोहर्ट्झवर जोरदार आवाज असताना बारीक आवाज किती टिकतो, या एका गुणावर तो क्रम लागतो. त्यात एलेक्राफ्टचे संच मोठमोठ्या कंपन्यांच्या बरोबरीनं वरच्या ओळींत दिसत आले.

तिसरं उदाहरण हॅन्स समर्स यांचं. २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये तरुण हॅमचं शिबिर होतं, तिथे मुलांनी बसून जोडावा म्हणून त्यांनी 'क्यूसीएक्स' हा मोर्सचा संच आखला. पुढे तो ४९ डॉलरला मिळू लागला. त्याची खुबी अशी की तो जुळवायला लागणारी मापनयंत्रं त्याच्या आतच आहेत: चाचणीचा सिग्नल देणारा भाग, व्होल्टमीटर, फ्रीक्वेन्सी मोजणारा भाग. ज्या मुलाच्या घरात मल्टिमीटरसुद्धा नाही, तोही आपला संच मोजून जुळवू शकतो. आमच्या मते यंत्रानं विद्यार्थ्याला दिलेला हा मोठा मान आहे.

आता दुसरं यंत्र, आपल्या पुण्याचं. १८५४ साली सुरू झालेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, म्हणजे सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा उपग्रह बनवला. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ नं एकाच वेळी वीस उपग्रह नेले, त्यांतला हा एक. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन किलोभर. काम: हौशी रेडिओवाल्यांचे निरोप एका ठिकाणी घ्यायचे आणि दुसऱ्या ठिकाणावरून जाताना द्यायचे. म्हणजे अवकाशातला पोस्टमन.

आराखडा म्हणून याच्याकडे बघू. आधी विजेचा हिशेब. अवकाशात सूर्याची ऊर्जा चौरस मीटरला साधारण १,३६० वॅट मिळते. ठोकळ्याची एक बाजू १०० चौरस सेंटिमीटर, तिच्यावर पडतात साडेतेरा वॅट. सौरपट्टीतून वीज होते त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास, तीही पूर्ण बाजू सूर्याकडे असेल तर. त्यात प्रत्येक फेरीचा मोठा भाग पृथ्वीच्या सावलीत. म्हणजे हाताशी सरासरी एखाद-दोन वॅट. घरातल्या रात्रीच्या दिव्याएवढ्या विजेत संगणक चालवायचा, पाचशे किलोमीटर खाली निरोप पाठवायचा आणि शिवाय उपग्रहाची दिशा सांभाळायची!

दिशा सांभाळायला मोठ्या उपग्रहांत फिरती चाकं असतात, त्यांना वीज लागते. या मुलांनी आत एक कायमचा चुंबक ठेवला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होकायंत्राची सुई जशी वळते, तसा अख्खा उपग्रह वळतो. पण सुई डोलत राहते. ते डोलणं जिरवायला खास धातूच्या कांड्या बसवल्या. चुंबकीय क्षेत्र बदललं की त्या डोलण्यातली ऊर्जा उष्णतेत घालवतात. वीज शून्य, हलणारे भाग शून्य. आराखड्याची नैतिकता म्हणजे काय असं कुणी विचारलं तर आम्ही हे उदाहरण देऊ. आपल्याकडे काय नाही हे आधी प्रामाणिकपणे मोजलं आणि मग उत्तर त्या अभावाच्या मापाचं शोधलं.

यापेक्षाही अवघड गोष्ट वेगळीच होती. या कामाला सुमारे आठ वर्षं लागली. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. म्हणजे ज्यांनी पहिल्या रेघा ओढल्या, ते उड्डाणाच्या दिवशी विद्यार्थी नव्हतेच. शंभराहून अधिक मुलं-मुली त्यातून गेली. मग हा 'छोटा गट' नेमका कुठला? नागसेनानं मिलिंद राजाला रथाविषयी विचारलं होतं तोच प्रश्न. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? इथे कुठल्या वर्षाची मुलं म्हणजे 'स्वयम्'चा गट? आम्हाला वाटतं, अशा गटाचं सातत्य त्याच्या नोंदवहीत असतं. हा रोधक इतकाच का घेतला, ही तार या बाजूनं का नेली, कुठली चाचणी फसली, हे लिहून ठेवलं तरच पुढच्या वर्षीचा मुलगा तिथून सुरू करतो. न लिहिलेली हुशारी पदवीदान समारंभाबरोबर बाहेर पडते. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबईच्या आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा दहा किलोचा 'प्रथम' उपग्रह गेला. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. आणि उपग्रह एकदा उडाला की त्याला पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर लावता येत नाही. म्हणून माप सगळं आधीच घ्यावं लागतं.

समीक्षक म्हणून आमची टीका मुलांवर नाही, ती आपल्या कौतुकावर आहे. उड्डाण झालं की हार, पेढे, पहिल्या पानावर फोटो. 'भारताच्या शिरपेचात मानाचा तुरा.' पण निरोप नेणाऱ्या उपग्रहाविषयी विचारायचा प्रश्न 'गेला का' हा नसतो, तो 'निरोप पोचला का' हा असतो. किती दिवस, किती केंद्रांना, किती चुकांसह? हे प्रश्न विचारणं म्हणजे खोडी काढणं, असं आपल्याकडे समजलं जातं. वास्तविक तोच खरा आदर. मुलांनी मोजता येईल असं काम केलं, आणि आपण त्यांना न मोजता येणारं कौतुक देऊन घरी पाठवतो.

आता गट लहानच का हवा? फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात एक साधं गणित मांडलं. पाच माणसं असली तर बोलण्याच्या जोड्या होतात दहा. पन्नास असली तर १,२२५. माणसं दहापट, बोलणी सव्वाशेपटीच्या जवळ. भजनी मंडळात पाच जणांना टाळ एका लयीत धरायला नजर पुरते. पन्नास जणांना कुणी तरी पुढे उभं राहून हात करावा लागतो. लहान गटात अख्खा आराखडा एका डोक्यात मावतो, म्हणून त्यात एकसूत्रीपणा येतो.

पण इथे भाबडेपणा नको. 'लहान ते चांगलं' हे काही सूत्र नाही. जपानची आयकॉम आज मोठी कंपनी आहे, तिच्या २०१६ च्या 'आयसी-७३००' संचाची हॅम मंडळी वाखाणणी करतात ती उगाच नाही. आणि तीही १९५४ मध्ये तोकुझो इनोउए या एका हॅमनंच सुरू केली होती. म्हणजे गट मोठा झाला तरी माप सांभाळता येतं. उलट लहान गटाची दुखणी त्याची स्वतःची असतात. एक माणूस आजारी पडला की दुरुस्ती थांबते. एक सुटा भाग बाजारातून गेला की उत्पादन थांबतं. गटातला एक रुसला की सगळंच थांबतं, हे आपल्या गावातल्या मंडळांना निराळं सांगायला नको.

शेवटी आपल्या दाराशी येऊ. तुमच्या घरात कुणी ना कुणी अभियांत्रिकीला, पॉलिटेक्निकला, आयटीआयला आहे. शेवटच्या वर्षाला 'प्रोजेक्ट' असतो. तो विकत मिळतो, हे इथे बसलेल्या पालकांना ठाऊक आहे. फाइल तयार, मॉडेल तयार, भाषणसुद्धा तयार. प्लेटोचा तिसरा माणूस, नक्कल करणारा, आपण पदवी देऊन घडवतो आहोत. याला नुसता उपदेश पुरणार नाही. त्यावर उतारा म्हणजे मापाची जागा निर्माण करणं. जवळच राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. आसपास साखर कारखाने आहेत, पाट आहे, विहिरी आहेत. जमिनीतला ओलावा सांगणारं, मोटर लांबून चालू-बंद करणारं, बिबट्याची चाहूल देणारं यंत्र इथल्या चार पोरांनी बनवलं तर त्यांना हार घालण्याआधी तीन प्रश्न विचारा.

एक: हे तू स्वतः तुझ्या रानात किती दिवस वापरलंस? दोन: तुझ्या वहीवरून दुसऱ्या गावचा मुलगा हेच बनवू शकेल का? तीन: याचा त्रास कुणाला होईल, आणि त्याला जाऊन विचारलंस का?

पहिला प्रश्न वापरणाऱ्याचा, दुसरा बनवणाऱ्याचा, तिसरा शेजाऱ्याचा. बिटएक्स पहिल्या दोन प्रश्नांना सहज उतरला आणि तिसऱ्यात अडखळला, पण लोकांनी मोजलेलं त्यानं लपवलं नाही, म्हणून सावरला. तिसरा प्रश्न जड जाईल, कारण त्यात कमीपणा वाटतो. पण हा ऊस पिकवणारा मुलूख आहे. काट्यावर गाडी उभी राहिली की कारखान्याचा माणूस आणि शेतकरी दोघंही आकड्याकडे बघतात, आणि काटा खरा आहे असा भरवसा असेल तरच दोघं एकमेकांशी नीट बोलतात. काटा मारला की किलोंबरोबर बोलणंही बिघडतं. पोरांच्या यंत्रांना असा खरा काटा आपण गावानं मिळून द्यायला हवा: एखादी खोली, चार मापनयंत्रं, एक कायमची नोंदवही आणि 'इथे चुकलंय' असं प्रेमानं सांगणारी दोन मोठी माणसं. परवान्याची परीक्षा देऊन गावात एखादं हौशी रेडिओ केंद्र उभं राहिलं तर सुरुवात तिथूनही होईल, कारण त्या छंदात पहिल्याच दिवशी दूरचा अनोळखी माणूस तुम्हाला तुमच्या आवाजाचे गुण सांगतो.

आता प्रश्न असतील तर विचारा. या विषयावर आमच्यापेक्षा इथल्या रेडिओ मेकॅनिकांना जास्त कळतं, त्यांनी पुढे यावं.